गुडघा दुखतो तेव्हा मन काय करतं?

लोकलमध्ये उभे असाल, जिममध्ये असाल नाहीतर भांडी घासत असाल, स्वागत आहे. आजचा विषय आहे शरीर, मन आणि अध्यात्म.

आपल्याकडे या तिन्हींची तीन वेगळी खाती आहेत. शरीरासाठी जिम, मनासाठी एखादं ॲप, आणि अध्यात्म? ते रिटायर झाल्यावर बघू! आज मी अशा एका साधनेबद्दल बोलणार आहे, जिथे हे तिन्ही एकाच आसनावर बसून शिकायचं असतं. विपश्यना. इगतपुरीच्या धम्मगिरीला मी दहा दिवसांचं शिबिर केलंय, त्यामुळे ऐकीव सांगत नाहीये.

आधी थोडी पार्श्वभूमी. सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशातले, म्हणजे आजच्या म्यानमारमधले मोठे व्यापारी. मायग्रेनने हैराण. १९५५ मध्ये ते सयाजी उ बा खिन यांच्याकडे गेले. हे गुरुजी कोण, तर सरकारी हिशेब खात्यातले बडे अधिकारी. नोकरी सांभाळून साधना शिकवायचे. ते म्हणाले, नुसतं डोकं थांबवायला येणार असाल तर येऊ नका. मन साफ करायला या, दुखणं गेलं तर तो वरचा फायदा. पुढे १९६९ मध्ये गोएंका भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीत शिबिरं सुरू झाली.

तिथे पहिल्याच दिवशी फोन जमा. मग आर्य मौन: बोलणं नाही, खाणाखुणा नाहीत, वाचन-लेखनही नाही. पहाटे चारला घंटा, दिवसभरात साधारण दहा तास बसणं. पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत शरीरातल्या संवेदना बघायच्या. खाज, उष्णता, मुंग्या, दुखणं, जे असेल ते.

खरी गंमत इथे आहे. दिवसातून तीनदा एक तास 'अधिष्ठान' असतं, म्हणजे शक्यतो हलायचं नाही. विसाव्या मिनिटाला गुडघा बोंबलायला लागतो. आणि मग दिसतं की दुखणं एवढंसं आहे, पण मन त्यावर अख्खी सिरीज काढतंय. 'पाय कायमचा गेला. घरी कोणाला सांगू? बाजूचा कसा काय शांत बसलाय?' दुखणं शरीराचं, त्रागा मनाचा. मध्ये एक बारीक फट आहे. ती फट रुंद करणं, म्हणजेच समता. माझ्या मते सगळं शिबिर या एका गोष्टीसाठी आहे.

आता हे रोजच्या जगण्यात आणा. रात्री अकराला मेसेज येतो, 'प्रोडक्शन डाऊन आहे.' छातीत धस्स होतं, कान तापतात. राग डोक्यात येतो असं आपण म्हणतो, पण त्याची पहिली खबर शरीर देतं. ती खबर वेळेत कळली तर तो राग जेवायला वाढणाऱ्या आईवर निघत नाही. प्रमोशनपेक्षा ही गोष्ट मोठी आहे, कारण ऑफिसचा ताण शेवटी घरचे लोकच भोगतात.

मग अध्यात्म कुठे आलं? इथे आत्मा-परमात्म्याची चर्चा नाही. सुरुवातीला शील: खोटं नाही, चोरी नाही, हिंसा नाही, नशा नाही, ब्रह्मचर्य. शेवटी मैत्री: जे काही शांत वाटलं, ते सगळ्यांना मिळो ही भावना. शिबिराची फीसुद्धा नसते. आधी शिबिर केलेल्या लोकांच्या दानावर तुम्ही जेवता. कोणी अनोळखी माणसाने तुमच्या ताटाची सोय केलीय, हे कळल्यावर अहंकार जरा खाली बसतोच.

एक महत्त्वाचं. डिप्रेशन किंवा दुसरा मानसिक आजार असेल, औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांशी बोला आणि अर्जात सगळं खरं लिहा. विपश्यना हा उपचारांना पर्याय नाही.

आणि दहा दिवस सुट्टी मिळत नसेल तर? आज रात्री दहा मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि श्वास बघा. लांब करू नका, मोजू नका, फक्त बघा. मन पळेल. कळलं की परत आणा. शंभरदा पळालं तर शंभरदा आणा, चिडायचं नाही. प्रगती किती झाली हे त्या दहा मिनिटांत शोधू नका. पुढच्या वेळी कोणी तुम्हाला टोचून बोललं, की तेव्हा बघा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!