टाकी बांधली, पुढे?



वसंत व्याख्यानमालेत शिवकाल असतो, संतसाहित्य असतं, हृदयविकार असतो. त्यात मी नगरपालिका घेऊन उभा राहिलोय. ती काय, आम्ही रोजच बघतो, असं काहींच्या मनात आलं असेल. पण रोज आपण बघतो काय? फ्लेक्स, भूमिपूजन आणि सभेतला गोंधळ. यातल्या एकाही गोष्टीवर गाव चालत नाही.

गाव चालतं ते पहाटेपासून. जॅकवेलवरचा पंप सुरू होतो, पाण्यात तुरटी पडते, क्लोरीन मिसळतं, टाकी भरते. मग पाणी सोडणारा माणूस सायकलवरून निघतो आणि गल्लीगल्लीतले व्हॉल्व्ह फिरवतो. कुठल्या आळीला किती फेरे द्यायचे, चढावरच्या घरांना आधी की नंतर, हे त्याला पाठ असतं. नव्या पाइपलाइनचा नकाशा कार्यालयात मिळेल, पण जुन्या बिडाच्या लाइनी कुठून गेल्यात ते बहुतेक वेळा याच माणसाला विचारावं लागतं. मागून एक कर्मचारी टोकाच्या नळाचं पाणी परीक्षानळीत घेतो, औषधाचे थेंब टाकतो आणि पिवळा रंग येतो का ते पाहतो. लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शेवटच्या घरापर्यंत उरायला हवं. गावात काविळीची साथ आली की या आकड्याची आठवण होते. एरवी तो रजिस्टरमध्ये असतो, आणि काही गावांत, खरं सांगायचं तर, तो फक्त रजिस्टरमध्येच असतो.

आता कायद्याकडे फार वेळ जाणार नाही. आपल्या नगरपालिका १९६५च्या अधिनियमावर चालतात. एक लाखावर लोकसंख्या असेल तर अ वर्ग, चाळीस हजार ते एक लाख ब वर्ग, त्याखाली क वर्ग. दिवाबत्ती, पाणी, गटारं, स्मशान, जन्ममृत्यूची नोंद ही कामं करावीच लागतात. ठरवणार तुम्ही निवडून दिलेली माणसं, अंमल करणार सरकारने पाठवलेला मुख्याधिकारी. आणि ठराव जिल्हाधिकाऱ्यांना पटला नाही तर तो थांबवायला कलम ३०८ आहेच. नगराध्यक्ष कुणी निवडायचा हेही मुंबईतलं सरकार पुन्हा पुन्हा बदलतं. २००१मध्ये थेट जनतेतून, २००६मध्ये नगरसेवकांतून, २०१६मध्ये पुन्हा जनतेतून, २०२०मध्ये पुन्हा नगरसेवकांतून, २०२२मध्ये परत जनतेतून. एवढ्या वेळा तर आपण घराचा रंगही बदलत नाही.

ठरावाचं म्हणाल, तर महाड आठवावं. चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४मध्ये केला होता. कागदावर तळं खुलं झालं. पण अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या माणसाला तिथे पाणी भरता येईल अशी व्यवस्था पालिकेने काही केली नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले, तेव्हा त्या ठरावाचा अर्थ गावाला कळला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पालिकेने तो ठराव मागे घेतला! वाद कोर्टात गेला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. त्या ठरावाला अनुमोदन देणाऱ्या किती जणांना त्याची किंमत मोजायची होती, हा प्रश्न मला नेहमी पडतो. ठराव कुणीही मांडतो, त्यापायी गावातल्या चार वजनदार लोकांचा रोष घ्यायची तयारी असते का?

आजही प्रश्न तोच आहे, फक्त विषय पट्टीचा आहे. म्हणजे घरपट्टी आणि पाणीपट्टी.

१९९९मध्ये नगरपालिकांची जकात गेली. नाक्यावरचा भ्रष्टाचार गेला, चांगलंच झालं. पण त्याबरोबर गावाचा स्वतःचा रोखीचा मार्गही गेला. त्या जागी सरकारचं अनुदान आलं, आणि ते बरंचसं पगारातच जिरतं. वित्त आयोगाचा पैसा येतो, पण त्यातला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेला असतो. बांधकामाला योजना पुष्कळ आहेत. नवी टाकी हवी? प्रस्ताव पाठवा, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश. वेळ लागेल, पण टाकी होते. कोनशिलेवर नावं येतात. मग महिन्याअखेर पंपाचं वीजबिल येतं. त्या बिलाला योजना नाही, कोनशिलाही नाही. ते गावाने भरायचं असतं.

आणि गाव भरत नाही. घरपट्टीची फेरआकारणी दर चार वर्षांनी व्हायला हवी. घरांची मोजणी होते, नोटिसा निघतात, हरकतींचा गठ्ठा येतो, आणि तेवढ्यात निवडणूक दिसायला लागते. लगेच स्थगितीची मागणी होते. सत्ताधारी आणि विरोधक एरवी एकमेकांचं तोंड बघत नाहीत, या मागणीवर मात्र दोघांच्या सह्या असतात. दोन मजले चढलेल्या घराला जुन्या कौलारू घराची पट्टी राहते. प्रामाणिकपणे भरणारा भरतो, थकवणारा दरमहा दोन टक्क्यांची शास्ती माफ होण्याची वाट बघतो, आणि मार्चात वसुली पथक ढोलताशे घेऊन दारोदार फिरतं. बड्या थकबाकीदारांच्या यादीत सरकारी कार्यालयंही सापडतात. तिथे ढोल वाजत नाहीत.

याला अपवादही आहे. कऱ्हाडला लागूनच मलकापूर आहे. तिथल्या नगरपंचायतीने २००९च्या सुमारास मीटर लावून चोवीस तास पाणी द्यायला सुरुवात केली. वापर वाढेल तसा दर चढता. पाणी कधीही मिळतं म्हटल्यावर साठवायचं कशाला? शिळं म्हणून काल भरलेलं पाणी सकाळी ओतून देण्याची आपली सवय तिथे खिशाला लागायला लागली. मीटरला निधी मिळतो हो, मिळतोच. रीडिंगप्रमाणे बिल पाठवायचं आणि ते का पाठवलं हे वॉर्डात उभं राहून सांगायचं, यासाठी निधी मिळत नाही.

मधली काही वर्षं आपल्या पालिकांत निवडून आलेलं सभागृहच नव्हतं. कुठे मुख्याधिकारी प्रशासक, कुठे प्रांत. तरी घंटागाडी आली, दिवे लागले, दाखले मिळाले. मग नगरसेवक हवेत कशाला, असं लोक बोलू लागले. मला हा निष्कर्ष मान्य नाही. घंटागाडी पाठवायला नगरसेवक लागत नाही, हे खरं. पण कुणाकडून किती घ्यायचं आणि कुणाला सूट द्यायची, हे बदलीवर जाणाऱ्या अधिकाऱ्याने ठरवू नये. ते ठरवण्यासाठीच माणसं निवडून द्यायची असतात. आपण मात्र त्यांना पेव्हर ब्लॉकसाठी निवडून देतो आणि पट्टी वाढवली की पाडतो.

म्हणून अंदाजपत्रकाची सभा होईल, तेव्हा त्याची प्रत मागा. नव्या कामांची पानं उलटून पुढे जा. पाणीपुरवठ्याचं वीजबिल किती, दुरुस्तीला किती ठेवलेत, आणि पाणीपट्टीची मागणी किती व वसूल किती, एवढ्या ओळी शोधा. पाणीपट्टीतून वीजबिलसुद्धा निघत नसेल, तर पाणी दिवसाआडचं तीन दिवसांआड का झालं हे कुणाला विचारायला नको.

संयोजकांनी प्रश्नोत्तरांसाठी वेळ ठेवलाय. पहिला प्रश्न आमच्या आळीत पाणी कमी दाबाने का येतं हाच असणार, आणि तो विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. विचारताना यंदाची पट्टी भरलीय की नाही, तेही सांगा.