दिवस भरण्याआधीची सूचना



गर्भावस्थेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेले बालक अकाली जन्मलेले मानले जाते. २०२० साली भारतात अशी सुमारे ३० लाख बालके जन्मली. जगातील कोणत्याही देशापेक्षा ही संख्या अधिक आहे. घरोघरी या दुःखाला दैवगती म्हटले जाते. परंतु दैवाची चाहूल काही वेळा आधी लागू शकते.

पाचव्या महिन्यात बाळातील व्यंग पाहण्यासाठी सोनोग्राफी केली जाते. त्याच वेळी योनिमार्गे तपासणी करून गर्भाशयमुखाची लांबी मोजता येते. ती साधारणतः साडेतीन सेंटिमीटर असते. अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी भरली, तर अकाली प्रसूतीचा धोका वाढतो. हे ज्योतिष नव्हे. लांबी कमी असूनही अनेक मातांचे दिवस पूर्ण भरतात. परंतु सावध झालेल्या वैद्याच्या हाती उपाय असतात. प्रोजेस्टेरॉन हे औषध देता येते, काही मातांना टाका घालावा लागतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गर्भाशयमुख दीड सेंटिमीटर वा त्याहून आखूड असलेल्या मातांपैकी ३४ आठवड्यांपूर्वी प्रसूत होणाऱ्यांचे प्रमाण या औषधाने ३४ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आले. प्रसूती टळत नसेल, तर बाळाची फुप्फुसे परिपक्व करणारी इंजेक्शने देता येतात आणि नवजात अतिदक्षता कक्ष असलेले रुग्णालय वेळीच गाठता येते.

दुर्दैवाने याच यंत्राचा आपल्या समाजाने कोणता उपयोग केला? गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ साली देशात पहिला कायदा महाराष्ट्राला करावा लागला. १९९४ साली केंद्राचा कायदा आला. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुलींची संख्या राज्यात २००१ साली ९१३, तर २०११ साली ८९४ होती. शक्तीची उपासना करणाऱ्या भूमीला हा आकडा शोभत नाही.

दोष यंत्राचा नाही. यंत्राला संस्कार नसतात. ते वापरणाऱ्याला असावे लागतात. म्हणून सासूने, पतीने सोनोग्राफीच्या दाराशी "मुलगा की मुलगी?" हा प्रश्न मनातही आणू नये. "दिवस पूर्ण भरतील ना? सूनबाईच्या प्रकृतीसाठी काय करावे?" असे विचारावे. ज्या घरात हा प्रश्न प्रथम विचारला जाईल, त्या घरात मातृशक्तीचे पूजन खऱ्या अर्थाने सुरू झाले, असे म्हणता येईल.