दोन याद्या

आमच्या मालाडच्या घरी निवडणुकीची गोष्ट निघाली की आजोबा हटकून 1937 सालावर यायचे. मालाड तेव्हा मुंबई महापालिकेत नव्हते. उपनगर जिल्ह्यातले माडांचे, ताडांचे गाव. आजोबा मॅट्रिक झालेले, म्हणून मतदार. शेजारचे तात्या भंडारी, ते शेतसाऱ्यावर मतदार. आजीला कुराण वाचता यायचे, पण सही येत नव्हती. तिचे नाव कुठेच नव्हते.

1935 च्या कायद्याने मुंबई प्रांताला 175 जागांची विधानसभा मिळाली होती. त्यांतल्या 29 मुसलमानांच्या. तिथे उमेदवार मुसलमान आणि मतदारही मुसलमानच. 1909 पासून चालत आलेली ही वेगळी यादी. त्यामुळे एका विहिरीचे पाणी पिणारे आजोबा आणि तात्या एकाच सुमारास मत देऊन आले खरे, पण एकाच माणसाला मत देणे दोघांना शक्य नव्हते.

काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरली. पण गव्हर्नरच्या खास अधिकारांवरून तिने आधी मंत्रिमंडळ बनवायला नकार दिला. मग 1 एप्रिलला साताऱ्याचे धनजीशा कूपर पंतप्रधान झाले. प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधानच म्हणत. पाठीशी बहुमत नसलेले ते सरकार साडेतीन महिने टिकले. 19 जुलैला बाळासाहेब खेर आले. त्यांच्या मंत्रिमंडळात नुरी हे मुसलमान मंत्री होते, पण मुस्लिम लीग त्यांना आपला प्रतिनिधी मानायला तयार नव्हती. खरा प्रतिनिधी कोण, हा वाद मग पुढे किती लांब गेला ते आपण जाणतोच. मला मात्र त्या वादापेक्षा आमच्या ओटीवरचा वाद जास्त कळतो.

तात्यांनी काँग्रेसला मत दिले होते. त्याच सरकारने 1 ऑगस्ट 1939 ला मुंबईत आणि उपनगरात दारूबंदी आणली. तात्यांचे ताड नुसते उभे राहिले! आजोबांना दारूबंदी हवी होती. पण त्यांचे मत पडले होते लीगच्या माणसाला, आणि तो विरोधी बाकावर.

"तात्या, तुमच्या मतानं तुमचीच ताडी गेली," आजोबा म्हणायचे.

"आणि मास्तर, तुम्हाला हवं ते माझ्या मतानं मिळालं. तुमचं मत गेलं कुठं?"

याला आजोबांकडे उत्तर नसे. हसत सांगायचे, पण सांगून झाले की गप्प बसायचे. मी कविता लिहायला लागलो तेव्हा कुणी कुणी विचारायचे, तुम्ही मुसलमान, मग मराठीत कसे? अशा वेळी मला ती वेगळी यादी आठवे. यादी रद्द झाली तरी काहींच्या मनातून ती खोडली जात नाही, आमच्याही काहींच्या.

खेर सरकारने नोव्हेंबर 1939 मध्ये राजीनामा दिला. भारताला न विचारता इंग्रजांनी त्याला युद्धात ओढले होते. मधे फाळणी झाली. आजोबा मालाडमध्येच राहिले.

स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत यादी एकच होती. आजोबा आणि तात्या एकाच रांगेत उभे राहिले, आणि परत येताना एकाच उमेदवारावरून असे भांडले की दोन दिवस अबोला! आजीही त्या दिवशी गेली होती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, वर चिन्ह. कुठल्या पेटीत चिठ्ठी टाकलीस म्हणून आजोबांनी खूप खोदून विचारले. तिने शेवटपर्यंत सांगितले नाही.