वाडीचा फोटो, वाडीचं चित्र

आज आम्ही वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या आमच्या गटाने केलेल्या एका कामाबद्दल बोलणार आहोत. एका जुन्या वाडीचा फोटो समोर ठेवून आम्ही मोठं चित्र केलं. त्यात रंग आहे, कापड आहे, कागद आहे, काथ्या आहे, केळीचा वाळलेला सोपही आहे. अशा चित्राला मिक्स मीडिया म्हणतात, म्हणजे अनेक वस्तूंनी मिळून केलेलं चित्र. ज्या हातांनी गोधडी शिवली, रांगोळी घातली, त्यांना हे सहज जमतं.

आधी फोटोची निवड. फार सुंदर फोटो शोधत बसू नका. ज्याच्याबद्दल सांगणारं माणूस अजून घरात आहे, असा फोटो घ्या. आमच्या गटातल्या एका आजींच्या वाडीचा पोस्टकार्डाएवढा फोटो होता. पुढे केळी, मध्ये मोगऱ्याचे वाफे, बाजूला पानवेली, मागे नारळाची रांग. मूळ फोटोवर पेन्सिलसुद्धा टेकवू नका. त्याची झेरॉक्स काढा आणि काम तिच्यावर करा.

मग तो फोटो घेऊन म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. हे काम रंग आणण्याच्या आधीचं. आम्ही बसलो तेव्हा दोन गोष्टी कळल्या. फोटोच्या कोपऱ्यात एक काळा डाग होता. आमच्यातल्या तरुण मुली म्हणाल्या, सावली असेल. आजी म्हणाल्या, "सावली नाय गो, ते आमचं बावखल." बावखल म्हणजे वाडीतलं खोदलेलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, जमिनीत मुरायचं, विहिरीला गोडं पाणी टिकायचं. शिंपणं त्यावरच व्हायचं. ते बावखल आता बुजवलेलं आहे, म्हणून मुलींनी ते कधी पाहिलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट आजींनीच विचारली. "वाडी दिसते, मुलं दिसतात, पण मी कुठाय?" फोटो सकाळचा होता. त्या वेळी त्या मोगऱ्याच्या कळ्या घेऊन पहाटेच्या लोकलने दादरच्या फूलबाजारात गेलेल्या असत. जिने वाडी शिंपली, ती वाडीच्या फोटोत नव्हती. तेव्हा आम्ही ठरवलं की चित्रात बावखल स्पष्ट दिसेल आणि आजीही दिसतील. कॅमेऱ्याने टिपलं नाही ते चित्रात आणता येतं. त्यासाठीच एवढा खटाटोप करायचा.

आता कृती. कागद-पेन्सिल घेऊन बसला असाल तर लिहून घ्या.

आमचा फोटो ४ बाय ६ इंचाचा, म्हणून आम्ही १६ बाय २४ इंचाचा लाकडी चौकटीवर ताणलेला कॅनव्हास घेतला. बरोबर चौपट. झेरॉक्सवर एक-एक इंचाचे चौकोन आखा, ते २४ होतात. कॅनव्हासवर चार-चार इंचांचे तेवढेच चौकोन आखा. मग प्रत्येक चौकोनात दिसतं तेवढंच पेन्सिलीने उतरवा. ज्यांना चित्रकला येत नाही त्यांनाही असं जमतं. कॅनव्हास कोरा असेल तर आखण्याआधी पांढऱ्या अ‍ॅक्रिलिक रंगाचे दोन हात द्या आणि पूर्ण वाळू द्या.

सामान जमवताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. ओलं काहीही चिकटवायचं नाही. आपल्याकडे हवा दमट, चार महिने पाऊस, लगेच बुरशी धरते. पानं वर्तमानपत्रात ठेवून वर जड पाटा ठेवा, कागद रोज बदला, दोन आठवडे तरी जाऊ द्या. केळीचा सोप पुसून उन्हात कडक वाळवा आणि पट्ट्या कापा. मोगरा, जास्वंद ही फुलं वाळून काळपट होतात. ती कापडाची किंवा कागदाचीच करा. पिठाची खळ वापरू नका, तिला मुंग्या आणि झुरळं लागतात. फेविकॉल बरा. पातळ कागदासाठी त्यात तेवढंच पाणी घाला. कापडाला आणि सोपाला मात्र घट्टच लावा.

चिकटवताना लांबचं आधी, जवळचं नंतर. आम्ही आधी आभाळ रंगवलं. त्यावर नारळाची रांग आली. खोडाला सुतळी, झावळ्यांना हिरव्या साडीच्या कातरलेल्या पट्ट्या. झावळीच्या बुंध्याशी जी तपकिरी जाळी असते, ती कुंपणाला छान दिसली. पानवेलीची पानं खऱ्या विड्याच्या पानांवर बेतून हिरव्या कापडाची कापली. केळीचं खोड केळीच्याच सोपाचं. मोगऱ्यासाठी पांढऱ्या मलमलच्या बारीक गोळ्या दोऱ्याने बांधल्या. बावखलाला गर्द निळ्या जुन्या रेशमी साडीचा तुकडा लावला आणि त्यावर पांढऱ्या दोऱ्याने गोधडीचा धावता टाका घातला. पाण्यावर वारा फिरल्यासारखं दिसतं. कॅनव्हासला टाका घालायचा तर दाभणाने आधी भोकं पाडून घ्या.

आजींसाठी त्यांच्याच लुगड्याचं कापड हवं होतं. पूर्ण लुगडं कापायला त्यांचा जीव होईना. शेवटी फाटक्या काठाचा वीतभर तुकडा दिला. म्हणाल्या, "तोंड काढू नका, मला पाठमोरी दाखवा, डोक्यावर पाटी घेऊन निघालेली." तशाच त्या आता बावखलाच्या कडेने चालल्या आहेत.

काम संपल्यावर दोन दिवस सपाट ठेवा. मग पाणी घातलेल्या फेविकॉलचा एक हलका हात कागदाच्या भागावर द्या. टांगताना मागच्या चारही कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे तुकडे लावा. भिंत आणि चित्र यांच्यात हवा खेळली पाहिजे. चित्राच्या मागे वाडी कुठली, फोटो केव्हाचा, हात कोणाकोणाचे लागले, ते नावानिशी लिहून ठेवा.

आपल्याला कुठे चित्रकला येते, असं कोणी म्हणेल. आपल्याच पालघर जिल्ह्यात वारली बाया पिढ्यान्‌पिढ्या लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत आल्या. त्यांना कोणत्या शाळेने शिकवलं होतं? वय झालं, असंही कोणी म्हणेल. इंग्लंडमध्ये मेरी डिलेनी नावाच्या बाईंनी १७७२ साली, वयाच्या ७२व्या वर्षी, रंगीत कागद कापून काळ्या कागदावर फुलं चिकटवायला सुरुवात केली. मध्ये कुठे खरं पानही लावत. नजर अधू होईपर्यंत दहा वर्षांत त्यांनी जवळजवळ हजार चित्रं केली. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जपून ठेवली आहेत.

आमचं चित्र आम्ही संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मांडलं. बाया जवळ येऊन आधी मोगऱ्याला हात लावत. मग निळ्या तुकड्यावर बोट ठेवून म्हणत, आमच्याकडेपण असंच होतं. कोणी म्हणाली, आमचं अजून आहे, पण कचऱ्याने भरलंय. जुलै २०१८मध्ये वसई-विरारमध्ये दिवसचे दिवस पाणी साचलं होतं, ते कोणी विसरलेलं नाही. पाण्याला थांबायला जागा हवी, हे तिथे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. त्याच दुपारी आम्ही वही उघडली आणि आळीआळीने लिहून घेतलं, कुठलं बावखल बुजलं, कुठलं अजून आहे, ते कोणाच्या वाडीत आहे. असलेल्यांपैकी एकाचा गाळ आणि कचरा उन्हाळ्यात काढायचा, असं त्या घरच्या वहिनींनी स्वतःहून सांगितलं. आम्ही मदतीला जाणार आहोत.

तुमच्या गावात बावखल नसेल, तर खळं असेल, पाणवठा असेल, चिंचेचा पार असेल. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एक जुना फोटो आणा. हप्ता जमा झाला, वही लिहून झाली, की तो फोटो मध्ये ठेवा आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारा, यात काय दिसत नाही? ती सांगेल ते लिहून घ्या. सुई-दोरा आणि फेविकॉल त्यानंतर.