पावसाच्या मुलुखातील फुलबाग आणि हरितगृह

(गोव्यातील हौशी पुष्पप्रेमींच्या एका मेळाव्यात केलेले भाषण)



घरची फुलबाग आणि तिच्यासाठी उभारावयाचे हरितगृह या विषयावर मी बोलावे अशी संयोजकांनी आज्ञा केली. मी कृषिशास्त्रज्ञ नव्हे. शाळेतील नोकरीतून निवृत्त झालेला एक सामान्य गृहस्थ आहे. घराच्या मागील दारी थोडी मोकळी जागा आहे, अंगणात तुळशीवृंदावन आहे आणि त्याच्या भोवती आईने लावलेली अबोली आहे. या अबोलीच्या निमित्ताने माझ्या हातून जी चूक घडली, तिच्यापासूनच आरंभ करतो. कारण हरितगृहासंबंधी मला जे काही समजले ते त्या चुकीतून समजले.

आई लग्न होऊन पेडण्याहून आली तेव्हा तिने माहेरची अबोली पदराला बांधून आणली होती. रंग फिकट केशरी, तुरा लांब आणि वळेसर केला तर दुसऱ्या दिवशीही न कोमेजणारा. पन्नास वर्षे ती जात आमच्या अंगणात बी पडून आपोआप उगवत राहिली. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी मी हौसेने एक तयार हरितगृह विकत घेतले. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, चारही बाजूंनी पारदर्शक प्लास्टिक आणि एक लहानसे दार. सोबतच्या पुस्तिकेत लिहिले होते की, दार बंद ठेवावे म्हणजे आतील उष्णता व आर्द्रता टिकते. मृगाचा पाऊस सुरू होताच अबोलीची बहुतेक सगळी झाडे मी कुंड्यांत घालून आत नेली आणि दार लावून घेतले. मनात समाधान होते की, यंदा आईची अबोली पावसात झोडपली जाणार नाही.

पंधरा दिवसांत पाने पिवळी पडून माना खाली आल्या. झाड उपटून पाहावे तर मुळे काळी आणि बुंधा कुजलेला. श्रावण लागेपर्यंत आत एकही झाड उरले नाही. आई त्या वेळी हयात होती. ती काही बोलली नाही. फक्त आदित्यपूजनाच्या रविवारी फुले कोठून आणावयाची एवढेच तिने विचारले. तेव्हा वृंदावनाच्या मागे, घराच्या वळचणीखाली, मी न्यावयाची विसरून गेलेली तीन झाडे दिसली. त्यांच्या डोक्यावर कौलांचे छप्पर होते, तीन बाजूंनी वारा खेळत होता आणि जांभ्याच्या जोत्याला लागून असल्यामुळे मुळाशी पाणी थांबत नव्हते. तीनही झाडे टवटवीत होती!

हरितगृह ही कल्पना मूळची थंड देशांतील. तेथे हिवाळ्यात बाहेर बर्फ पडते. सूर्याची ऊब काचेच्या आत अडवून ठेवणे हाच त्या घराचा हेतू. लंडनच्या १८५१ सालच्या प्रदर्शनातील स्फटिक प्रासाद आपण चित्रांत पाहिला असेल. त्याच धर्तीवर बंगळूरच्या लालबागेतील काचघराची पायाभरणी १८८९ साली झाली. परंतु बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे, आणि ते काचघरही मुख्यतः पुष्पप्रदर्शनांच्या उपयोगी पडत आले आहे. आपल्याकडे किनाऱ्यावर रात्रीचे तापमान पौषातही फारसे खाली उतरत नाही. ऊब साठविण्याची आपल्याला गरजच काय? वर्षाकाठी साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तेव्हा आपल्या हरितगृहाने दोनच गोष्टी करावयाच्या: पावसाळ्यात डोक्यावरचे पाणी अडवावयाचे आणि उन्हाळ्यात ऊन निम्मे करावयाचे. वाऱ्याला मात्र त्याने कधीही अडवू नये. कोंडलेल्या दमट हवेत बुरशी वाढते, आणि बुरशीपुढे नाजूक रोपाचा टिकाव लागत नाही.

म्हणून मी त्या सांगाड्याच्या चारही भिंती काढून टाकल्या. आज माझे हरितगृह म्हणजे नुसते एक उतरते छप्पर आहे. नैऋत्येकडील बाजू सात फूट उंच, तर ईशान्येकडील दहा फूट. पावसाचा वारा नैऋत्येकडून येतो, म्हणून ती बाजू ठेंगणी. छपरावर अतिनील किरणांना टिकणारा २०० मायक्रॉन जाडीचा प्लास्टिक कागद असतो. साधा कागद एका उन्हाळ्यातच तडकतो, तेव्हा तेथे काटकसर करू नये. वाऱ्याबरोबर तिरपा येणारा पाऊस अडविण्यासाठी पूर्वी आपल्याकडे माडाच्या चुडतांच्या झडी बांधीत. मी त्या जागी सावलीच्या जाळीचा कमरेएवढा पट्टा लावतो. थेंब फुटतात आणि वारा आत येतो. कुंड्या जमिनीवर न ठेवता चिऱ्यांवर ठेवतो, आणि छपराच्या कडेने एक वीत खोल चर काढून पाणी माडाच्या मुळाशी सोडतो.

पावसाळ्याची तयारी वैशाखातच व्हावयास हवी. प्रत्येक कुंडीचे तळाचे भोक मोकळे आहे की नाही हे काडी घालून पाहावे. निम्म्या कुंड्यांची भोके मुळांनी बुजलेली आढळतात. आपली जांभी माती आम्लधर्मी असते, म्हणून तीत थोडा शिंपल्यांचा चुना मिसळून महिनाभर ठेवावी, आणि मग कुजलेले शेणखत व निंबोळी पेंड घालावी. ओले शेण घालण्याचा मोह आवरावा. कुंड्यांखालच्या बशा या दिवसांत काढून ठेवाव्यात. एकतर त्यांत साचलेल्या पाण्याने मुळे कुजतात. आणि दुसरे म्हणजे डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. बशी ठेवावयाचीच असेल तर आठवड्यातून एकदा ती रिकामी करून घासून कोरडी करावी. फुलबागेच्या हौसेपायी शेजाऱ्याच्या घरी ताप जाऊ नये.

बुरशीसाठी एक टक्का बोर्डो मिश्रण हा जुना आणि अजूनही भरवशाचा उपाय आहे. आपल्या कुळागरांतून पोफळीवर ते फवारतात, म्हणून नाव सर्वांना ठाऊक असते. पण घरी करताना बहुतेकांची चूक होते. १०० ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम चुना दुसऱ्या पाच लिटर पाण्यात वेगवेगळा कालवावा. भांडी मातीची किंवा प्लास्टिकची असावीत, धातूची नकोत. मग मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतीत ढवळावे. तयार मिश्रणात लोखंडी सुरीचे पाते क्षणभर बुडवून पाहावे. पात्यावर तांबूस थर धरला तर मोरचूद मोकळे राहिले आहे असे समजून आणखी चुना घालावा, नाहीतर पाने करपतात. मिश्रण त्याच दिवशी वापरून टाकावे.

या छपराचा खरा उपयोग आषाढात कळतो. दसऱ्याला झेंडू घरचा असावा असे आपल्या प्रत्येकाला वाटते, आणि तरीही त्या दिवशी आपण बेळगाव-हुबळीकडून आलेल्या गाड्यांवरचा झेंडू विकत आणतो. गणित सोपे आहे. रोप तयार होण्यास सुमारे चार आठवडे लागतात, आणि लावणीनंतर फुलण्यास साधारण दोन महिने. म्हणजे बी जुलैच्या मध्यावर पडले पाहिजे. आणि नेमका तेव्हा आपल्याकडे पाऊस असा असतो की, उघड्या वाफ्यातले बी वाहून तरी जाते किंवा कुजते तरी. छपराखाली दोन टोपल्यांत बी पेरून, रोपे ऑगस्टच्या मध्यावर उंच गादीवाफ्यावर नेली की काम झाले. झेंडूचा आणखी एक गुण असा की, मुळांना गाठी आणणारे सूत्रकृमी त्याच्या मुळांमुळे कमी होतात. अबोलीला या सूत्रकृमींचा फार उपद्रव होतो आणि त्यांच्या पाठोपाठ मर रोग येतो. म्हणून झेंडू निघाला की त्याच वाफ्यात मी अबोली लावतो.

शेवंतीची मुनवेही पावसाळाभर छपराखालीच ठेवावीत. शेंडे खुडल्याने झाड पसरते, पण हे खुडणे ऑगस्टनंतर करू नये. शेवंतीला कळी धरण्यासाठी लांब, अखंड काळोखाची रात्र लागते. दिवसाच्या लांबीचा आणि फुलण्याचा हा संबंध गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन अमेरिकन संशोधकांनी १९२० साली मांडला. आमच्या घरासमोर रस्त्यावर नवा प्रखर दिवा लागला, त्या वर्षी कुंपणाजवळच्या कुंड्यांना कळ्याच येईनात आणि घरामागच्या मात्र फुलांनी भरून गेल्या. खताला आणि नशिबाला दोष देऊन झाल्यावर मला दिव्याची आठवण झाली. आता गणेश चतुर्थी झाली की त्या कुंड्या मी मागील दारी हलवतो.

गुलाबाविषयी माझे मत काहीसे प्रतिकूल आहे, ते क्षमा करून ऐकावे. आपल्या पावसात त्याच्या पानांवर काळे ठिपके पडावयाचेच. ज्यांना हवा त्यांनी चार झाडे ठेवावीत, ऑक्टोबरात छाटणी करावी आणि दीड महिन्यात फुले पाहावीत. पण त्याच्यापायी जास्वंद, तगर आणि जाई यांच्याकडे दुर्लक्ष करू नये. सांजांवच्या कोपेलापासून चतुर्थीच्या पूजेपर्यंत हीच झाडे निमूटपणे उपयोगी पडतात. जास्वंदीवरच्या पांढऱ्या पिठ्या ढेकणांना साबणाचे पाणी पुरते.

ऑर्किडांचा षोक हल्ली पुष्कळ वाढला आहे. डेंड्रोबियमला माती नको. कोळसा आणि फुटक्या कौलांचे तुकडे द्यावेत. नारळाच्या सोडणांचे तुकडे पावसाळ्यात ओले राहून मुळे कुजवतात, असा माझा अनुभव आहे. रानातली सीतेची वेणी मात्र झाडावरून ओरबाडून आणू नये. ती रानात डौलाने फुलते, आणि घरी आणली की पुष्कळदा दोन वर्षांत वाळून जाते.

नवरात्र सरले की छपरावरचा प्लास्टिक कागद मी काढून, धुऊन, गुंडाळून ठेवतो. हिवाळ्यात झाडांना मोकळे आकाश चांगले. मोगऱ्याचे पाणी मार्गशीर्षात तोडावे आणि पौषात छाटणी करावी, म्हणजे चैत्रात बहर येतो. होळीनंतर छपरावर पन्नास टक्के सावलीची जाळी चढवावी. याच दिवसांत एकदा आळसाने मी प्लास्टिकचा कागद तसाच राहू दिला होता, तेव्हा दुपारी छपराखाली उभे राहवत नव्हते. मग झाडांनी काय करावे?

अबोलीचे बी धरण्याचेही हेच दिवस. तिच्या वाळलेल्या बोंडाला पाणी लागताच ते टचकन फुटते आणि बी दूर उडते. लहानपणी आम्ही ती बोंडे जिभेवर ठेवून गंमत करीत असू. म्हणून बोंडे कोरड्या दुपारी खुडावीत, पत्र्याच्या डब्यात घालून वर पातळ कपडा बांधावा आणि त्यावर चार थेंब पाणी शिंपडावे. डब्यात पावसासारखा आवाज होतो आणि बी आपोआप मोकळे होते. ते सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवावे, आणि त्याच वर्षी पेरावे.

वळचणीखालच्या त्या तीन झाडांचे बी वाढवीत वाढवीत आज पुन्हा अंगणभर अबोली झाली आहे. आईने तिचे वळेसर आणखी सहा वर्षे केले. त्याच बियांच्या काही पुड्या मी सोबत आणल्या आहेत. दाराजवळच्या मेजावर ठेवल्या आहेत. ज्यांना हव्या असतील त्यांनी कृपया न्याव्यात. उगवण एकदम होत नाही, रोपे मागेपुढे वर येतात. तेव्हा तीन आठवड्यांत काही दिसले नाही म्हणून टोपली उपडी करू नये.