संबंध आहे, फंक्शन नाही

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेची एकच आठवण सांगा आणि वेळ पाळा, असं संयोजकांनी मला बजावलं आहे. मी मुलांची डॉक्टर. बाहेर दहा पोरं रडत असताना आत थोडक्यात बोलायची सवय आहे, त्यामुळे काळजी नसावी.

अकरावी सायन्सचा वर्ग आठवा. सरांनी फंक्शन शिकवायला घेतलं होतं. पुस्तकातली व्याख्या सगळ्यांच्या डोक्यावरून गेली. सरांनी पुस्तक मिटलं आणि बाकांकडे बोट दाखवलं.

"हजेरी नंबर सांगितला की बाक ठरतो का?" ठरतो.

"दोन नंबरांना एकच बाक चालेल?" चालेल, आपण तिघं-तिघं बसायचोच.

"एका नंबराला दोन बाक?" नाही चालणार.

"मग बाक हे हजेरी नंबराचं फंक्शन. आता उलट करा. बाक सांगितला की नंबर ठरतो?" नाही ठरत, कारण एका बाकावर तीन नंबर.

झालं. मागच्या बाकालासुद्धा कळलं.

मग सरांनी आरोग्य तपासणीचं रजिस्टर मागवलं आणि फळ्यावर पाच जणांची उंची आणि वजन लिहिलं. पाचही उंच्या वेगळ्या. "वजन हे उंचीचं फंक्शन आहे का?" आपण एका सुरात "हो" म्हणालो. सरांनी सहावं नाव पुकारलं, ते माझं. फळ्यावरच्या एका मैत्रिणीएवढीच माझी उंची, पण वजन सात किलो जास्त. वर्ग किती हसला, ते इथे बसलेल्यांपैकी काहींना नक्की आठवत असेल! सर मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "उंचीचा आणि वजनाचा संबंध आहे, पण फंक्शन नाही. पाचांत गडबड दिसली नाही म्हणजे गडबड नाही, असं समजू नका."

परीक्षेत या प्रश्नाला मला पूर्ण गुण मिळाले. तो खरा कळला मात्र दवाखाना सुरू केल्यावर काही वर्षांनी.

मुलाला ताप आला की पॅरासिटामॉलचं औषध देतात. "दोन वर्षांच्या मुलाला किती द्यायचं?" असं आया विचारतात. पण दोन वर्षांचं एक मूल नऊ किलोचं असतं, दुसरं तेरा किलोचं. एकच वय, दोन वेगळे डोस. म्हणजे संबंध आहे, फंक्शन नाही. डोस ठरतो वजनावर, एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. एवढं मला पाठ होतं. त्यामुळे दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम, म्हणजे ६ एमएल, असं मी डोळे मिटून लिहीत असे. वर्षानुवर्षं ते बरोबर ठरत होतं.

एके दिवशी एक आई मुलाला घेऊन आली. दहा किलोचं पोर, दोन-अडीच दिवसांचा ताप, आता उलट्या. "बाटली संपली, नवीन लिहून द्या," म्हणाली. मी बाटली हातात घेतली. लेबलावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, ५ एमएलमध्ये २५० मिलिग्रॅम. माझ्या डोक्यात कायम १२५ ची बाटली. ६० एमएलची अख्खी बाटली दिवसातून चार वेळा ६ एमएल करून पोटात गेली होती. प्रत्येक वेळी दुप्पट डोस.

आई म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही सांगितलंत तेवढंच दिलं."

खरं होतं ते. चूक तिची नव्हती, दुकानदाराचीही नव्हती. मी चिठ्ठीवर बाटली कोणती ते लिहिलंच नव्हतं. आजवर आमच्या गावात १२५ चीच बाटली येत होती, म्हणून 'वजन सांगा, एमएल सांगते' हे मला फंक्शन वाटत होतं. एक गोष्ट बदलत नव्हती, एवढंच. ती बदलली आणि त्याच दहा किलोला दोन उत्तरं झाली, ६ एमएल आणि ३ एमएल.

पॅरासिटामॉल जास्त झालं तर यकृताला इजा होते, आणि सुरुवातीला मुलाकडे पाहून ती कळेलच असं नाही. त्याच संध्याकाळी मी त्यांना घेऊन मोठ्या रुग्णालयात गेले. रात्रभर त्या आईशेजारी बसले. रक्ताचा पहिला रिपोर्ट ठीक आला, दुसऱ्या दिवशीचाही. उलट्या तापाच्याच होत्या. मूल हसत-खेळत घरी गेलं. माझी झोप मात्र बरेच दिवस उडाली होती.

तेव्हापासून उत्तर देण्याआधी मी स्वतःला सरांचा प्रश्न विचारते. एवढं कळलं की ते ठरतं का? की अजून काही विचारायचं राहिलं? आता माझ्या चिठ्ठीवर मुलाचं वजन, औषधाचे मिलिग्रॅम, बाटलीची ताकद आणि एमएल, चारही गोष्टी असतात. चिठ्ठी लांबते, गर्दी खोळंबते. खोळंबू दे.

मित्रहो, आपण बहुतेक जण आता आजी-आजोबा झालो आहोत. रात्री नातवाला ताप आला, तर मागच्या वेळचे 'इतके चमचे' आठवून देऊ नका. आधी हातातल्या बाटलीचं लेबल वाचा. चष्मा लावून वाचा! स्वयंपाकघरातला चमचा नको. बाटलीसोबतचं माप घ्या. आणि शंका आली तर डॉक्टरांना फोन करताना बाटली हातातच ठेवा.

सर, त्या दिवशी सहावं नाव म्हणून तुम्ही मला उभं केलंत, याचा मला तेव्हा फार राग आला होता. तो राग आज या व्यासपीठावरून परत घेते.