वारसास्थळांच्या दगडांची चोरी : एक आर्थिक विचार



वारशाची चोरी म्हटली की परदेशी लिलावात पोहोचलेल्या मूर्ती डोळ्यांसमोर येतात. परंतु पडक्या मंदिराचा घडीव चिरा, वाड्याचा सागवानी खांब किंवा वेशीवरचा शिलालेख उचलला गेला, तर त्याची बातमीही होत नाही. या दुर्लक्षित चोरीची मुळे बऱ्याच अंशी अर्थकारणात आहेत.

बेंगळुरूच्या सर्जापूर रोडचे उदाहरण घ्यावे. माहिती तंत्रज्ञान कंपन्या व निवासी संकुले यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या रस्त्यालगत अगरा हे जुने गाव आहे. तेथील सुमारे इ. स. 870 च्या गंगकालीन शिलालेखात दोन तलावांना पाणी सोडण्याची दारे बसविल्याची आणि आणखी एक तलाव बांधल्याची नोंद आहे. असा दगड म्हणजे सिंचनाच्या इतिहासाचा दस्तऐवजच होय. बी. एल. राईस यांनी बेंगळुरू जिल्ह्यातील शिलालेख ‘एपिग्राफिया कर्नाटिका’च्या नवव्या खंडात 1905 मध्ये प्रसिद्ध केले. पुढे शहर विस्तारले आणि त्या परिसरातील अनेक कोरीव शिळा जागेवरून नाहीशा झाल्या.

असे का घडते? बाजारात शिळेला केवळ दगडाची किंमत येते. तिच्यातील ज्ञानाचे मूल्य सर्वांचे असल्याने कोणाच्याच हिशेबात धरले जात नाही. जमिनीचा भाव चढला की तीच शिळा अडथळा ठरते. नेणाऱ्याचा लाभ किरकोळ, समाजाची हानी मात्र कधीही भरून न येणारी. अर्थशास्त्रात यालाच बाजाराचे अपयश म्हणतात.

कायदे आहेत. 1958 च्या प्राचीन स्मारक कायद्यानुसार संरक्षित स्मारकातील शिल्प वा शिलालेख हलविणे हा गुन्हा असून, 2010 च्या दुरुस्तीनंतर त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. 1972 च्या पुरावस्तू कायद्यात वास्तूपासून विलग केलेली, किमान 100 वर्षे जुनी वस्तूही ‘पुरावस्तू’ ठरते. तथापि संरक्षित स्मारकांचीही स्थिती समाधानकारक नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या 2013 च्या अहवालात 92 केंद्रीय स्मारके जागेवर आढळली नसल्याचे नमूद होते. नंतरच्या शोधात 42 सापडली. 14 नागरीकरणात व 12 जलाशयांखाली गेल्याचे दिसले आणि 24 चा ठावठिकाणा लागला नाही. मग गावोगावच्या असंरक्षित वीरगळांची व सतीशिळांची काय कथा!

म्हणून संरक्षणाची पहिली पायरी नोंद हीच आहे. जी वस्तू कोणत्याही नोंदीत नाही, तिच्या चोरीची तक्रार कोण आणि कशाच्या आधारे करणार? बेंगळुरूच्या मिथिक सोसायटीने 2021 पासून शिलालेखांच्या त्रिमितीय नोंदीचे काम हाती घेतले आहे. ग्रामपंचायतींच्या दप्तरी छायाचित्रांसह अशी नोंद ठेवणे आणि बांधकाम परवानगीपूर्वी ती तपासणे, यांस फारसा खर्च येणार नाही.

राज्यघटनेच्या अनुच्छेद 49 ने राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांच्या रक्षणाचे दायित्व राज्यसंस्थेवर सोपविले आहे, तर अनुच्छेद 51 क (च) ने वारसा जतन करण्याचे कर्तव्य नागरिकांवर. गावातील एका शिळेची नोंद करणारा विद्यार्थी हे कर्तव्य प्रत्यक्षात आणत असतो.